लेकुरवाळा लांडगा पुन्हा बघताना

दोरानं बांधलेलं तीनेक वर्षांचं पोर विहिरीत लोंबकळतंय. दोर शत्रूच्या हातात आहे. तलवार टाक, नाहीतर पोराला सोडतो, असं तो बापाला धमकावतोय. पोर रडत नाही. पायातली चप्पल तेवढी हळूच खाली सोडतं. क्षणभर काहीच ऐकू येत नाही, मग तळातून 'चुबुक' असा आवाज येतो. विहीर किती खोल आहे आणि आपल्याला किती वेळ मिळणार, हे बापाला त्या आवाजावरून कळतं.

कवठेपिरानच्या बाजूला आजोळच्या मळ्यात आम्ही खडा टाकून हेच करायचो. आवाज यायला जेवढा वेळ लागेल तेवढं पाणी खाली गेलेलं. तरीही ही सहा जपानी चित्रपटांची मालिका मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हा प्रसंग माझ्या ध्यानातही राहिला नव्हता. कॉलेजात होतो. आठवत होत्या त्या फक्त रक्ताच्या चिळकांड्या. परवा, वीस वर्षांनी, सहाही भाग ओळीनं पुन्हा बघितले आणि लक्षात आलं की मी तेव्हा तलवारच बघत बसलो होतो, गाडीत बसलेल्या पोराकडे बघितलंच नव्हतं. ज्यांनी ही मालिका तरुणपणी बघितली आणि आता पुन्हा बघायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नव्यानं बघणाऱ्यांनाही चालेल, फक्त भागवार लिहिलंय ते आधी वाचू नका.

मालिका जपानी आहे. मूळ नाव 'कोझुरे ओकामी', म्हणजे पोर बरोबर घेऊन हिंडणारा लांडगा. जगभर ती 'लोन वुल्फ अँड कब' या नावानं ओळखली जाते. मी मनात तिला 'लेकुरवाळा लांडगा' म्हणतो. लेकुरवाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं विठोबा येतो, कडेवर आणि खांद्यावर पोरं घेतलेला. इथंही बाप पोराला पाठीवर घेतो, पण हातात तलवार असते आणि समोर माणसं पडत असतात. दोन्ही चित्रं एकदम मनात ठेवून बघितलं तर मालिका उलगडायला लागते.

आधी गोष्ट आणि माणसं डोक्यात बसवा

काझुओ कोइके यांनी लिहिलेली आणि गोसेकी कोजिमा यांनी चितारलेली ही चित्रकथा जपानमध्ये 1970 पासून 1976 पर्यंत चालली. ती चालू असतानाच 1972 ते 1974 या काळात सहा चित्रपट निघाले, त्यातले चार तर एकट्या 1972 मध्ये. शिंतारो कात्सु या मोठ्या नटाच्या कंपनीनं ते काढले आणि नायक झाला त्याचा थोरला भाऊ तोमिसाबुरो वाकायामा. पोराचं, म्हणजे दाइगोरोचं, काम अकिहिरो तोमिकावानं केलंय.

काळ तोकुगावा राजवटीचा, म्हणजे 1603 ते 1868 या दरम्यानचा. आपल्याकडच्या मानानं शिवकाळ, पेशवाई आणि सातारची गादी खालसा होईपर्यंतचा सगळा पट त्यात बसतो. ओगामी इत्तो, म्हणजे आपला नायक, हा शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, 'काइशाकुनिन' असतो. शिक्षा म्हणून सरदारानं स्वतःच्या पोटात कट्यार खुपसली की त्याचे हाल होऊ नयेत म्हणून मागून एका घावात मान उडवायची, हे त्याचं काम. ते पद यागयू घराण्याला हवं असतं. म्हातारा यागयू रेत्सुदो डाव रचतो. ओगामीच्या बायकोचा खून होतो, त्याच्या देवघरात शोगुनचं चिन्ह असलेली मृतांची पाटी सापडते, म्हणजे शोगुनचं मरण चिंतल्यासारखंच, आणि तो राजद्रोही ठरतो. मग तो पोराला लाकडी गाडीत घालून रस्त्याला लागतो. पाचशे र्यो घेऊन माणसं मारायची आणि यागयूंचा निर्वंश करायचा. या वाटेला तो 'मेइफुमादो' म्हणतो, भुताखेतांची आणि नरकाची वाट.

र्यो म्हणजे सोन्याचं नाणं. एवढे चार-पाच शब्द एका कागदावर लिहून ठेवा. बघताना अडत नाही.

प्रत कोणती घ्यायची

इथं माझी मोठी चूक झाली होती. मिरजेतल्या एका सीडी लायब्ररीतून मी 'शोगन असॅसिन' आणला आणि सुरुवातीला तीच सगळी मालिका समजून बसलो. तो 1980 साली अमेरिकेत कापून-जोडून केलेला चित्रपट आहे. पहिल्या भागातली थोडी मिनिटं, दुसऱ्या भागाचा बहुतेक ऐवज, वर इंग्रजी डबिंग आणि नवं संगीत. त्यात पोरगं गोष्ट सांगतं, बापानं किती माणसं मारली त्याचा हिशेब ठेवतं. मूळ चित्रपटांत दाइगोरो जेमतेम बोलतो. त्याच्या तोंडी निवेदन घातलं की त्याचं गप्प राहणंच गेलं, आणि या मालिकेत सगळं काही त्या गप्प राहण्यात आहे. 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात ती चिमुरडी झोपताना बघायला मागते, तो हाच चित्रपट. तो बघा जरूर, पण सहाही भाग झाल्यावर.

अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीनं 2016 मध्ये सहाही भाग नीट साफ करून एका संचात काढले. रंग आणि आवाज दोन्ही चांगले आहेत. मात्र ब्ल्यू-रे मागवण्याआधी एक बघून घ्या. अमेरिकेतल्या अशा तबकड्या बहुधा 'ए' विभागासाठी असतात आणि भारत 'सी' विभागात येतो. आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही, सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागतो. पैसे घालण्यापूर्वी दुकानदाराला हेच विचारा. ऑनलाइन भाड्यानं घेणार असाल तर मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल आहेत ना, आणि लांबी दीड तासाच्या आसपास आहे ना, एवढं तपासा.

टीव्ही आणि आवाज

चित्र आडवं, लांबोडकं आहे. वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला म्हणून चित्र ताणू नका किंवा झूम करू नका. पहिले तीन आणि पुढचा पाचवा भाग दिग्दर्शक केंजी मिसुमीचा आहे, आणि मिसुमी माणसाला चौकटीच्या अगदी कडेला उभा करतो. झूम केलंत तर अख्खा माणूस गायब होईल.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'व्हिविड' असेल तर ते काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. व्हिविडवर इथलं रक्त होळीच्या रंगासारखं दिसतं. ते मुळातच भडक आहे, खरं वाटावं म्हणून ते घातलेलंच नाही. पण बाकीचं गवत, माती, पोराचा सदरा हे सगळं शांत रंगांत आहे आणि त्या शांत रंगांवर ते उठून दिसायला हवं. चित्र गुळगुळीत करणारी 'मोशन स्मूदिंग'ची सोयही बंद करा, तिच्यामुळं तलवारीचा वेग टीव्ही सिरियलमधल्या भांडणासारखा वाटतो.

मोबाइलवर बघू नका, हे मात्र ठासून सांगतो. अडचण पडद्याच्या आकाराची नाही, आवाजाची आहे. चिखलात फिरणारं लाकडी चाक, गवतातला वारा, विहिरीत पडलेली चप्पल, हे फोनच्या स्पीकरवर येतच नाही. साधे दोन स्पीकर जोडले तरी भागतं.

कुणाबरोबर बघायचं

पोरंबाळं झोपल्यावर. पोराची गोष्ट आहे म्हणून घरातल्या पोरांना बसवू नका. पहिल्या आणि तिसऱ्या भागात बलात्काराचे प्रसंग आहेत, सहाव्यात बहीण-भावाचा एक प्रसंग अंगावर येतो. बरोबर जे बसणार त्यांना हे आधी सांगा, म्हणजे कुणाला मध्येच उठावंसं वाटलं तर संकोच होत नाही. सत्तरच्या दशकातल्या जपानी चित्रपटांत बाईच्या देहाचा वापर सर्रास व्हायचा. पहिल्यांदा बघताना मला तो खटकला नव्हता, आता खटकतो, आणि तिसरा भाग त्या कारणानं मला आवडेनासा झालाय.

पण एखादा तरी माणूस असा बोलवा ज्याला अंगाची भाषा कळते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. तिथले वस्ताद, वय सत्तरच्या पुढं, माझ्याबरोबर सहाही भाग बसले. वाकायामाला बघून मी म्हटलं, "वस्ताद, हा हीरो जरा जाडच आहे." ते म्हणाले, "जाड न्हाई, भरलाय त्यो. पायाकडं बघा त्येच्या. हात चालतोय ते दिसतंय तुमाला, पण मारतोय कमरंनं." खरंच बघितलं. तो धावतच नाही फारसा. पाय रोवतो, कंबर वळते आणि समोरचा माणूस पडल्यावर आपल्याला कळतं की तलवार फिरली. उंच, सडपातळ, उड्या मारणारा नायक डोक्यात ठेवून बघाल तर हे हुकेल. लाल मातीत उतरलेला माणूस डोक्यात ठेवा.

वस्तादांना इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नाहीत. म्हणून मी दर वेळी आधी पाच मिनिटं त्या दिवशीचं आख्यान सांगायचो, कीर्तनात पूर्वरंग असतो तसं. कोण कुणाचा, काम काय, पैसे कुणी दिले. मग मध्ये थांबवायची गरजच पडली नाही. तुमच्या घरी आई-वडील किंवा काका बसणार असतील तर हेच करा.

वेळ कसा वाटायचा

सहाही मिळून साडेआठ तासांच्या आसपास होतात. एका रविवारी उरकता येतील, पण तसं करू नका. तिसऱ्या भागापर्यंत मन बधिर होतं आणि मग माणसं पडतात ती नुसती आकडा म्हणून. आठवड्याला एक, शनिवारी रात्री, म्हणजे दीड महिना. आम्ही जुलैच्या शेवटाला सुरुवात केली ही चूक झाली. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीत कुणाचं लक्ष कशात लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं आणि दुसरा भाग आम्ही अर्ध्यात सोडून सामान माळ्यावर चढवत बसलो. दिवाळीनंतर सुरू करा, रात्रीही थंड असतात.

आणि एक वही घ्या. प्रत्येक भागात दाइगोरो काय करतो, तेवढंच लिहायचं. तो काय बोलतो ते नाही, काय करतो ते. या साध्या युक्तीनं माझी मालिका बदलली.

भागवार काय बघायचं

पहिला भाग, 'स्वोर्ड ऑफ व्हेंजन्स'. सुरुवातीचाच प्रसंग जपून बघा. एका प्रांताचा नावापुरता धनी असलेलं कोवळं पोर शिक्षेसाठी आणलंय आणि त्याची मान उडवणारा आहे ओगामी. म्हणजे आपला नायक पहिल्यांदा दिसतो तो लहान मुलाला मारताना. तेव्हा तो सरकारी नोकर आहे, कामावर आहे. मी पहिल्या वेळी हे 'वातावरणनिर्मिती' म्हणून सोडून दिलं होतं.

पुढं येतो चेंडू आणि तलवारीचा प्रसंग. रांगत्या दाइगोरोपुढं बाप एकीकडं तलवार आणि दुसरीकडं चेंडू ठेवतो. चेंडूकडं गेलास तर तुला तुझ्या आईकडं पाठवीन, तलवारीकडं आलास तर माझ्याबरोबर चल. आपल्याकडंही काही घरांत उष्टावणाच्या वेळी बाळापुढं पुस्तक, नाणं, एखादं हत्यार ठेवतात आणि बाळ कशाला हात लावतं ते बघून सगळे हसतात. इथं कुणी हसत नाही. पोर तलवारीकडं जातं. इथं थांबवून वहीत लिहा: त्याला काही कळत होतं का? बाप म्हणतो, पोरानं निवडलं. मला आता वाटतं की बापानं स्वतःचा निर्णय पोराच्या अंगावर घातला, आणि पुढचे पाच भाग त्या एका प्रसंगाची वसुली आहे.

याच भागात मोकळ्या मैदानातलं एक द्वंद्व आहे. ओगामीच्या पाठीवर दाइगोरो, आणि दाइगोरोच्या कपाळावर बांधलेला आरसा. बाप वाकतो, आरशावर ऊन पडतं, शत्रूचे डोळे दिपतात, संपलं. वहीत माझी पहिली नोंद आहे: 'आरसा'.

दुसरा भाग, 'बेबी कार्ट अॅट द रिव्हर स्टिक्स', मला सगळ्यांत जास्त आवडतो आणि यालाच सगळ्यांत जास्त वेळ द्या. विहीर यातच आहे. गाडीतली लपवलेली पाती पोरगं सोडतं तेही यातच. पण त्याहून मोठा प्रसंग वेगळा आहे. ओगामी जखमी होऊन एका पडक्या खोपटात आडवा झालाय. दाइगोरो ओहोळावर जातो, तोंडात पाणी भरून आणतो आणि बापाच्या तोंडात सोडतो. मग रस्त्याकडेच्या जिझोच्या मूर्तीपुढचा नैवेद्य उचलतो. जिझो हा जपानात लेकरांचा आणि वाटसरूंचा राखणदार. पोर नैवेद्य घेतं, आणि जाताना अंगातला सदरा काढून मूर्तीपुढं ठेवतं. उचललंय, तर बदली काहीतरी ठेवायला हवं. हे त्याला कुणी शिकवलं? बापानंच, नाहीतर कुणी? ज्या माणसाच्या हातानं शेकड्यांनी माणसं मरतात, त्याचं पोर देवाचं फुकट घेत नाही. वस्ताद या ठिकाणी नुसते "आरं" म्हणाले आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

याच भागाच्या शेवटी वाळूत तीन भावांशी लढाई आहे, आणि मानेवर घाव बसलेला एक भाऊ मरता मरता आपल्याच गळ्यातून निघणाऱ्या आवाजाबद्दल बोलतो. हिवाळी वाऱ्यासारखा तो आवाज. असा घाव कधीतरी आपण घालावा, ही त्याची आयुष्यभराची इच्छा होती. स्पीकरबद्दल मी एवढा आग्रह का धरला ते इथं कळेल.

तिसऱ्यावर, 'बेबी कार्ट टू हेडीझ'वर, फार थांबू नका. शेवटी एकटा माणूस एका फौजेशी लढतो आणि गाडीतून बंदुकांच्या फैरी सुटतात. कानबेई नावाचा भटका सामुराई मात्र लक्षात ठेवा, खरा सामुराई कोण हा प्रश्न तो ओगामीला विचारतो.

चौथा भाग 'बेबी कार्ट इन पेरिल'. दिग्दर्शक इथं बदलतो, बुइची साइतो. अंगभर गोंदवलेल्या ओयुकीची गोष्ट सगळ्यांना आठवते, पण तुम्ही शेत बघा. दाइगोरो बापापासून चुकलाय. शेतकरी शेत पेटवतात, आपल्याकडं ऊस गेल्यावर पाचट पेटवतात तसं, आणि पोर आत अडकतं. पळत नाही. चिखल उकरतं आणि स्वतःला त्यात पुरून घेतं. जाळ वरून जातो. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला पाचटाच्या आगीचा वेग माहीत असतो, तिचा आवाज माहीत असतो, म्हणून हा प्रसंग मला बसल्या जागी घाम फोडतो. त्या पोराचे डोळे बघून यागयूंचा एक तलवारबाज ओळखतो की हे मरणाच्या उंबरठ्यावर उभं राहून आलेलं पोर आहे.

हे बघताना मला आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. कारखाने सुरू झाले की मराठवाड्यातून बैलगाड्या येतात. आई-बाप फडात आणि पोर गाडीच्या सावलीत, नाहीतर झोळीत. ते रडत नाही याचं आपण कौतुक करतो. पोर रडत नाही म्हणजे ते शहाणं आहे असं नाही, रडून काही होत नाही हे त्याला कळलेलं असतं. दाइगोरोच्या चेहऱ्याकडं आता मी तसं बघतो.

पाचवा, 'बेबी कार्ट इन द लँड ऑफ डीमन्स', पुन्हा मिसुमीचा. पाच निरोप्ये एकामागून एक येतात, प्रत्येकाकडं शंभर र्यो आणि निरोपाचा एकेक तुकडा. गोष्ट गुंतागुंतीची आहे, आधी आख्यान सांगाच. मधे जत्रेत एक पाकीटमार बाई चोरलेला ऐवज दाइगोरोच्या हातात देते आणि कुणाला सांगू नकोस म्हणते. पोर पकडलं जातं. भर चौकात त्याला फटके मारतात. बाईला राहवत नाही, ती स्वतः पुढं येते, मीच चोर आहे म्हणते. तरी पोर मान हलवतं: ही नव्हे. शब्द दिला होता. बाप गर्दीत उभा राहून बघतो आणि मध्ये पडत नाही. त्या वेळी वाकायामाच्या चेहऱ्यावर काय आहे ते सांगू नका कुणाला, थांबवून बघा. मी तीनदा मागं नेऊन बघितलं.

आणि याच भागाच्या शेवटी ओगामी ठरल्या कामाप्रमाणं एका लहान मुलीला मारतो. तिचा गुन्हा एवढाच की तिला मुलगा म्हणून गादीवर बसवायचं ठरलं होतं. शब्द पाळणाऱ्या पोराचा बापही शब्द पाळतो, आणि त्याचा शब्द हा असा. पहिल्या भागाची सुरुवात आठवा. तेव्हा तो नोकर होता. आता तो कुणाचा नोकर नाही.

सहावा 'व्हाइट हेवन इन हेल', योशियुकी कुरोदाचा. बर्फात लढाई आहे, घसरगाड्यांवर, आणि गाडीलाही चाकांऐवजी फळ्या. मजेदार आहे, माणसं मोजायची असतील तर सगळ्यांत जास्त इथंच पडतात. पण त्याच्याआधी जमिनीत पुरून घेतलेले तीन मारेकरी बाप-लेकाच्या मागावर असतात आणि हे दोघं जिथं थांबतील, ज्याच्याशी बोलतील, त्या निरपराध माणसाला मारतात. म्हणजे यांना कुठंच मुक्काम नाही. धर्मशाळेत नाही, कुणाच्या ओसरीवर नाही. तो भाग शांतपणे बघा. शेवटी रेत्सुदो निसटतो. सूड अपुरा राहतो आणि मालिका तिथंच थांबते, सातवा भाग निघालाच नाही. मिसुमी 1975 मध्ये गेले.

सहाव्यानंतर

शेवट हवा असेल तर चित्रकथेकडं जावं लागेल. इंग्रजीत डार्क हॉर्स या प्रकाशनानं ती 28 छोट्या खंडांत काढली आहे. एकदम सगळे घेऊ नका, पहिला घ्या आणि बघा जमतं का. कोजिमाची शाई चित्रपटापेक्षा जास्त बोलते, विशेषतः गवत आणि पाऊस. शेवट इथं सांगत नाही, पण दाइगोरोच्या हातात काय असतं तेवढं बघायला अठ्ठाविसाव्या खंडापर्यंत जायला हरकत नाही.

त्याआधी, सहावा संपल्यावर त्याच रात्री एक करा. पहिला भाग पुन्हा लावा आणि फक्त सुरुवातीचा तो शिक्षेचा प्रसंग बघा. आम्ही बघितला. वस्तादांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे पोरगं तरी रडतंय का?" मी मागं नेलं. आम्ही दोघांनी पुन्हा बघितलं, या वेळी तलवारीकडं न बघता.